पुण्यात भाड्याने देण्यासाठी घर: पहिलं सांभाळा, मगच दुसरं घ्या

सासरच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात तीन बिऱ्हाडकरू होते. मी लग्न होऊन त्या घरात आले तेव्हा त्यातलं एक बिऱ्हाड महिन्याला २२ रुपये भाडं भरत होतं. सासरे दर महिन्याला नेमाने पावती फाडायचे आणि पावसाळ्याआधी कौलं शाकारायला त्या भाड्याच्या कितीतरी पट पैसे घालायचे. १९४७ च्या मुंबई भाडे कायद्याने भाडी गोठली होती आणि घर रिकामं करून मिळण्याची आशाच नव्हती. पेठांमधल्या कित्येक मालकांनी हे भोगलंय. म्हणून आजही पुण्यात दुसरा फ्लॅट कुलूप लावून ठेवणारी माणसं भेटतात. "भाड्याने दिलं की घर गेलं," म्हणतात.

त्यांची भीती खरी आहे, पण ती जुन्या कायद्यातून आलेली. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ लागू झाला. लिव्ह अँड लायसन्सचा करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती फक्त राहण्याची परवानगी देणारा करार, नीट नोंदवला असेल, तर आज मालकाची बाजू चांगली भक्कम असते. आम्ही २००९ साली कर्वेनगरला वन बीएचके घेतला, नंतर खराडीला टू बीएचके. मधे एक वाघोलीचा घेतला आणि विकलाही. या तिन्ही घरांनी जे शिकवलं ते पहिलं किंवा दुसरं घर घेणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

पायरी १: वही घेऊन बसा

बिल्डरच्या ऑफिसात जाण्याआधी हे करा. समजा, ७५ लाखांचा टू बीएचके आहे. पुण्यात मुद्रांक शुल्क मेट्रो अधिभारासह ७ टक्के, म्हणजे ५ लाख २५ हजार. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर एक टक्का सवलत मिळते, ती जरूर घ्या. नोंदणीचे ३० हजार. पंखे, गीझर, किचन ट्रॉली, वॉर्डरोब, ग्रिल यांचे अडीच लाखांच्या आसपास. घर ८३ लाखांना पडलं.

आता भाडं २२ हजार धरू. वर्षात एक महिना घर रिकामं राहतंच, म्हणून अकराच महिने मोजा: २ लाख ४२ हजार. त्यातून मेंटेनन्स ४२ हजार, मिळकतकर १८ हजार, दुरुस्ती १५ हजार, दर दोन वर्षांनी ब्रोकरेज म्हणजे वर्षाला ११ हजार, सोसायटीचे बिनभोगवटा शुल्क (मालक स्वतः राहत नाही म्हणून लागणारं) ३ हजार. हातात उरले १ लाख ५३ हजार. ८३ लाखांवर हे दोन टक्केही होत नाहीत. आकडे नमुन्याचे आहेत, तुमचे तुम्ही घाला. पण "२२ गुणिले १२" करून खूश होणारा माणूस पहिल्याच वर्षी फसतो.

कर्जाचंही बघा. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या जास्तीत जास्त ८० टक्के देते, आणि मुद्रांक शुल्क त्यात धरत नाही. ६० लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलं तर हप्ता साधारण ५२ हजार येतो. भाडं २२ हजार. वरचे ३० हजार दर महिन्याला पगारातून जाणार. "भाड्यातून हप्ता सुटतो" हे वाक्य पुण्यातल्या फ्लॅटला सहसा लागू पडत नाही. हे माहीत असून घेतलं तर ठीक, कारण घराची किंमत पुढे वाढेल असा तुमचा हिशोब असू शकतो. पण तो अंदाज आहे, आणि हप्ता मात्र पक्का आहे.

पायरी २: भाडेकरू कोण ते आधी ठरवा, भाग नंतर

पुण्यात भाडेकरूंचे प्रकार निरनिराळे आहेत. सदाशिव आणि नारायण पेठेत एमपीएससीची मुलं खोल्या शोधतात, त्यांना अभ्यासिका चालत जाण्याच्या अंतरावर लागते. कर्वेनगर-कोथरूडला कॉलेजच्या मुली आणि त्यांचे पालक. धनकवडी-कात्रजला भारती विद्यापीठाची मुलं. खराडी, हडपसर, हिंजवडी, वाकडला आयटीतली जोडपी. प्रत्येकाचा हंगाम वेगळा, मागणी वेगळी. विद्यार्थ्यांना बस आणि मेस जवळ हवी, लहान मूल असलेल्या जोडप्याला शाळा आणि लिफ्ट.

माझा आग्रह आहे की दोन घरं असतील तर ती दोन वेगळ्या प्रकारच्या भाडेकरूंवर चालणारी असावीत. २०२० च्या मार्चमध्ये आयटी कंपन्यांनी घरून काम सुरू केलं आणि आमचा खराडीचा भाडेकरू लातूरला निघून गेला. घर सात महिने रिकामं. कर्वेनगरला शेजारच्या इमारतीत दवाखान्यात काम करणारं जोडपं होतं, त्यांना लगेच जागा हवी होती, म्हणून आमचा दुसरा फ्लॅट तरला. दोन्ही फ्लॅट हिंजवडीत असते तर आम्ही हप्ते कुठून भरले असते, याचा विचार आजही नको वाटतो.

मेट्रोचं म्हणाल तर जी धावते तिच्यावर पैसे लावा. वनाज-रामवाडी आणि पिंपरी-चिंचवड-स्वारगेट या मार्गिका धावताहेत; तिथल्या स्टेशनपासून घरापर्यंत स्वतः चालून बघा, वाटेत रस्ता ओलांडता येतो का तेही. "इथे पुढे मेट्रो येणार आहे" याला आजच्या भाड्यात शून्य किंमत द्या.

आणि पाणी विचारा. वाघोली २०२१ मध्ये महापालिकेत आली, पण आमच्या सोसायटीला टँकर लागायचाच. भाडं नऊ हजार आणि मेंटेनन्स साडेतीन हजार! त्यात बोअरच्या जड पाण्याने गीझरचे कॉइल आणि नळ वर्षा-दीड वर्षात जायचे. तो फ्लॅट विकला त्या दिवशी मला मोकळं वाटलं. बघायला जाल तेव्हा वॉचमनला विचारा, "दादा, उन्हाळ्यात दिवसाला टँकर किती येतात?" तो खरं सांगतो.

पायरी ३: घेतानाचे कागद

इथे वकिलाचे पैसे वाचवू नका. तीस वर्षांचा टायटल सर्च (मालकी कुणाकडून कुणाकडे गेली त्याचा शोध), सूची २ चा उतारा (नोंदवलेल्या खरेदीचा सरकारी उतारा), बांधकामाची मंजुरी आणि भोगवटा पत्र (इमारत राहायला योग्य असल्याचा दाखला) एवढं तरी त्यांनी तपासलेलं असावं. नवा प्रकल्प असेल तर महारेराच्या, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर त्याची नोंद स्वतः उघडून वाचा. मुदत किती वेळा वाढवली ते तिथे दिसतं. जुन्या सोसायटीत अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स), म्हणजे जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर होणं, झालंय का ते विचारा. पुनर्विकासाची वेळ आली की सगळं तिथेच अडतं. गुंठेवारीतलं, म्हणजे मंजुरीशिवाय तुकडे पाडून विकलेल्या जमिनीवरचं, घर स्वस्त दिसतं, पण भाड्याच्या गुंतवणुकीसाठी मी ते घेणार नाही. भोगवटा पत्र मिळालेल्या तयार घराला जीएसटी नाही, बांधकाम चालू असलेल्या घराला साधारणपणे ५ टक्के आहे, आणि तयार घराचं भाडं पुढच्याच महिन्यात सुरू होतं. गुंतवणुकीला तयार घरच बरं.

पायरी ४: करार

सगळ्यात जास्त लक्ष इथे द्या. मालकाचं खरं कुलूप म्हणजे हा करार.

"अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही" असं अजूनही ब्रोकर सांगतात. महाराष्ट्रात हे चूक आहे. १९९९ च्या भाडे कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, मुदत कितीही असो, आणि नोंदवण्याची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून मोठा धोका असा की वाद झाला तर कुठल्या अटींवर घर दिलं, याबद्दल भाडेकरू म्हणेल तेच खरं धरलं जातं; ते खोटं असल्याचं तुम्ही सिद्ध करत बसायचं.

नोंदवलात तर याच्या उलट. मुदत संपूनही माणूस निघाला नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा प्रकरणांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, वर्षानुवर्षं दिवाणी दावा चालवावा लागत नाही. करारात लिहिलेल्या गोष्टी तिथे निर्णायक पुरावा मानल्या जातात. मुदतीनंतर राहिल्याबद्दल ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई मागता येते. आमच्या सासऱ्यांना हे एवढं मिळालं असतं तर वाडा वेगळा दिसला असता.

खर्चही फार नाही. एकूण भाडं, अधिक परत द्यायच्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरलेलं व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क. उदाहरण: २४ महिने, भाडं २२ हजार, डिपॉझिट ६० हजार. भाडं ५ लाख २८ हजार, दोन वर्षांचं व्याज १२ हजार, बेरीज ५ लाख ४० हजार, शुल्क १,३५०. शहरात नोंदणी फी एक हजार. या दोन्हींचे मिळून २,३५० रुपये, वर एजंटची फी. नोंदणी ऑनलाइन होते. एजंट अंगठ्याचं मशीन घेऊन घरी येतो, आधार लागतं, दोन साक्षीदार लागतात.

एजंटचा छापील मसुदा तसाच घेऊ नका. मी या गोष्टी लिहून घेते: भाड्याची तारीख आणि खातं, मेंटेनन्स कोण भरणार, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) किती महिने आणि नंतर नोटीस किती, दर वर्षी वाढ किती टक्के, कोण कोण राहणार त्यांची नावं, कुठलं पार्किंग, घरातल्या वस्तूंची यादी, गीझर आणि पंख्याच्या कंपनीसकट, रंगकामाचे किती कापणार. डिपॉझिट पुण्यात साधारण दोन-तीन महिन्यांचं चालतं. सगळे पैसे बँकेतून.

मुदत अशी ठेवा की करार मे-जूनमध्ये संपेल. तेव्हा बदल्या होतात, कॉलेजचे प्रवेश सुरू असतात, आणि लोक घर शोधत उन्हात फिरत असतात. नोव्हेंबरात रिकामं झालेलं घर मला एकदा फेब्रुवारीपर्यंत दाखवत बसावं लागलं. जुलैपासून अकरा महिने धरले तर करार मे अखेर संपतो, आणि हे गणित मला अकरा महिन्यांच्या प्रथेचं खरं सोनं वाटतं.

भाडेकरूची माहिती पोलिसांकडे ऑनलाइन भरा आणि पोच जपून ठेवा. वाकड, हिंजवडी हा भाग पुणे नव्हे, पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात येतो, तेवढं लक्षात असू द्या.

पायरी ५: माणूस बघा, आणि टिकवा

मी भेटल्याशिवाय घर देत नाही. ब्रोकरने "पार्टी एकदम चांगली आहे" म्हटलं तरी नाही. कुठे काम करता, आधीचं घर का सोडलं, घरात कोण कोण आहे, हे चहा पिताना विचारलं तर कुणी रागावत नाही. आधीच्या घरमालकाचा नंबर मागते आणि फोन करते. नोकरीचं पत्र आणि पॅन घेते. पण जात, धर्म, खाणं यांवरून मी कुणाला परत पाठवलेलं नाही आणि तुम्हीही पाठवू नका. वेळेवर भाडं आणि स्वच्छ घर यांचा त्याच्याशी काही संबंध नाही, हे सतरा वर्षांत पुरेपूर पाहिलंय. मुलं-मुली शेअरिंगमध्ये राहणार असतील तर सोसायटीच्या सेक्रेटरींना आधी सांगा, नंतर कुरकुर नको.

चांगला माणूस मिळाला की त्याला धरून ठेवा. खराडीच्या फ्लॅटमधल्या मुलीचा तिसरं वर्ष लागताना फोन आला.

"काकू, खालच्या मजल्यावर चोवीस हजारांना गेलाय म्हणे. तुम्ही पण वाढवणार का?"

"तू किती देऊ शकतेस?"

"साडेबावीस झेपेल. आणि बाथरूमचा नळ तेवढा..."

साडेबावीसला मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी प्लंबर पाठवला. मनातल्या मनात हिशोब केला होता. चोवीस मागितले असते तर वर्षाला अठरा हजार जास्त मिळाले असते. ती निघून गेली असती तर एक महिन्याचं भाडं बुडालं असतं, एक महिन्याचं ब्रोकरेज गेलं असतं, वर रंग. साठ हजारांच्या पुढे. रिकामा महिना हा घरमालकाचा सगळ्यात मोठा खर्च आहे, आणि तो कुठल्याही बिलावर छापून येत नाही.

दुरुस्तीचा फोन आला की दोन दिवसांत माणूस पाठवा. प्लंबर, इलेक्ट्रिशियन, गीझरवाला असे तीन ठरलेले नंबर ठेवा. पावसाळ्याआधी एकदा सांगून-विचारून घर बघून या: खिडक्यांच्या बुजवलेल्या फटी, बाल्कनीचा उतार, बाथरूमच्या भिंतीमागचा ओलावा. गच्चीतून गळत असेल तर ती दुरुस्ती सोसायटीची, लेखी पत्र द्या.

भाडं थकलं तर पहिल्या महिन्यातच लेखी कळवा, लाजू नका. पण कुलूप बदलणं, वीज तोडणं, सामान बाहेर काढणं हे कधीही करू नका. तुमची भक्कम बाजू तुम्हीच मोडाल, आणि ते माणसाशी वागणंही नव्हे. नोटीस द्या, वकिलांमार्फत सक्षम प्राधिकाऱ्याकडे जा.

पायरी ६: सोसायटी, महापालिका आणि प्राप्तिकर

सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेऊ शकते, पण सेवा शुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच. शासनाचा तसा आदेश २००१ पासून आहे. महिन्याला हजार-दोन हजार लावले जात असतील तर तो आदेश दाखवून नम्रपणे लेखी हरकत घ्या. कराराची प्रत मात्र आपणहून नेऊन द्या.

पुणे महापालिकेच्या मिळकतकरात स्वतः राहणाऱ्याला ४० टक्के सवलत आहे. घर भाड्याने दिलं की ती नाही. हिशोबात पूर्ण कर धरा आणि सवलतीचा अर्ज भाड्याच्या घरासाठी भरू नका. पुढे थकबाकी म्हणून एकदम अंगावर येतं. कर वर्षाच्या सुरुवातीच्या मुदतीत भरला तर सूट मिळते. उशीर केला तर महिन्याला दोन टक्क्यांनी शास्ती चढते.

प्राप्तिकरात भाड्यातून तुम्ही भरलेला मिळकतकर वजा होतो आणि उरलेल्यातून सरसकट ३० टक्के. रंग लावा, न लावा, तेवढेच. सोसायटीचा मेंटेनन्स वेगळा वजा होत नाही. कर्जाचं व्याज वजा होतं; त्यातून येणारा तोटा जुन्या करपद्धतीत पगारातून वर्षाला दोन लाखांपर्यंत वळवता येतो, नव्या पद्धतीत येत नाही. कर्ज काढून दुसरं घर घेणाऱ्याने कुठली पद्धत निवडायची हे सीएकडून आधी मांडून घ्यावं. भाडं महिन्याला ५० हजारांच्या वर असेल तर भाडेकरूने २ टक्के टीडीएस, म्हणजे भाड्यातूनच आगाऊ प्राप्तिकर, कापायचा असतो. मालक परदेशात असेल तर नियम वेगळे आणि कडक आहेत. मुलगा अमेरिकेत आणि फ्लॅट त्याच्या नावावर, हे तर घरोघरी आहे, म्हणून सांगितलं.

पायरी ७: पाणी आणि आग

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला आणि सहकारनगर-अरण्येश्वर भागात घरांत पाणी शिरलं. २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावरची एकतानगरी पाण्यात गेली. नदी-ओढ्याजवळ स्वस्त फ्लॅट दिसला तर पूररेषा तपासा आणि तळमजला टाळा. घर कुठेही असलं तरी विमा घ्या. 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, पूर, भूकंप त्यात येतात, आणि घर राहण्याजोगं नसेल त्या काळातलं बुडालेलं भाडंही. विमा इमारत पुन्हा बांधण्याच्या खर्चाचा उतरवायचा, बाजारभावाचा नव्हे. म्हणून हप्ता वाटतो त्याहून बराच कमी येतो. तुमच्या विम्यात भाडेकरूचं सामान येत नाही, हे त्याला स्पष्ट सांगा.

पायरी ८: दुसरं घर कधी

माझे निकष सांगते. पहिलं घर सलग दोन वर्षं भाड्याने गेलेलं असावं. सहा महिन्यांचे हप्ते आणि मेंटेनन्स वेगळ्या खात्यात पडून असावेत, मुदत ठेवीत चालतील. पहिल्या कर्जाचा काही भाग फेडलेला असावा. आणि दोन्ही घरं एकाच वेळी सहा महिने रिकामी राहिली तरी मुलांची फी आणि आईवडिलांची औषधं अडणार नाहीत, एवढा पगार किंवा धंदा मागे असावा. यातलं एक जरी नसेल तर थांबा. खराडीच्या घरासाठी आम्ही सात वर्षं थांबलो.

मूळच्या घरावर बोजा चढवून दुसरं घेण्याचा सल्ला मिळेल. मी तसं केलं नाही. राहतं घर कुठल्याच गुंतवणुकीला तारण देऊ नये, या मताची मी आहे.

जे घर त्रास देतं ते विकायला शिका. वाघोलीचा विकताना नवऱ्याला फार वाईट वाटलं होतं. पण त्या पैशांत खराडीचं कर्ज निम्म्यावर आलं, आणि दर महिन्याची ओढाताण थांबली. विकण्याआधी भांडवली नफ्याचा कर काढून घ्या. २३ जुलै २०२४ आधी घेतलेल्या घराला १२.५ टक्के किंवा महागाई निर्देशांक लावून २० टक्के, यातलं जे कमी पडेल ते निवासी भारतीयाला निवडता येतं.

शेवटी एक फाइल

सासरे गेले तेव्हा वाड्याचे कागद तीन ट्रंकांमधून शोधावे लागले. आता आमच्या प्रत्येक घराची एक जाड फाइल आहे. खरेदीखत, सूची २, शेअर सर्टिफिकेट, भोगवटा पत्र, चालू करार, पोलिसांची पोच, कराच्या आणि विम्याच्या पावत्या, महावितरणचा ग्राहक क्रमांक, प्लंबरचा नंबर. सोसायटीत नामनिर्देशन केलंय, पण नामनिर्देशन म्हणजे मालकी नव्हे, म्हणून आम्ही दोघांनी मृत्युपत्रंही केली आणि नोंदवली. फाइल कुठल्या कपाटात आहे ते दोन्ही मुलांना ठाऊक आहे. जास्तीच्या किल्ल्यांना फ्लॅट नंबरची चिठ्ठी बांधून त्याही तिथेच ठेवल्या आहेत.